‘अस्तु’ : हरवलेल्या माणसाचे व्याकरण

प्रास्ताविक



मागील घटकात साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होताना काय काय बदलते, याचा आपण विचार केला. या घटकात एकाच चित्रपटाचा, आणि तोही प्रामुख्याने भाषेच्या अंगाने, विचार करावयाचा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अस्तु’ हा २०१३ सालचा मराठी चित्रपट. चित्रपटगृहांत तो २०१६ साली आला. एकसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाच्या संवादलेखनासाठी सुमित्रा भावे यांचा आणि सहाय्यक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांचा गौरव झाला. मराठीच्या अभ्यासक्रमात चित्रपट कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. ज्या चित्रपटाला संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ज्याचा विषयच भाषा हातातून निसटत जाणे हा आहे, तो मराठीच्या वर्गात पाहायचा नाही तर कोठे पाहायचा?

दिग्दर्शकांविषयी थोडेसे. सुमित्रा भावे या मूळच्या समाजशास्त्रीय संशोधनाच्या क्षेत्रातील. लोकांकडून ऐकलेले त्यांच्याच रीतीने सांगता यावे, या गरजेतून त्या लघुपटांकडे आणि पुढे सुकथनकरांच्या साथीने पूर्ण लांबीच्या चित्रपटांकडे वळल्या. ‘देवराई’मध्ये स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’मध्ये कोड, ‘कासव’मध्ये नैराश्य असे विषय या जोडीने हाताळले. यांपैकी ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. २०२१ साली सुमित्राबाईंचे निधन झाले. आजाराची माहिती देणारे चित्रपट, अशी या चित्रपटांची ओळख कधी कधी करून दिली जाते. ती अपुरी आहे. आजार हे या चित्रपटांतील दार आहे. आत गेल्यावर आपण उभे असतो ते कोणाच्या तरी घरात.

कथानक थोडक्यात

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त विद्वान. ही भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे येथे सांगण्याजोगे. शास्त्रीबुवांना स्मृतिभ्रंश झालेला आहे. थोरली मुलगी इरा (इरावती हर्षे) आणि जावई माधव (मिलिंद सोमण) यांच्यावर त्यांची जबाबदारी आहे. एके दिवशी इरा वडिलांना गाडीत बसवून काही कामासाठी खाली उतरते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो. शास्त्रीबुवा गाडीतून उतरतात आणि लहान मुलाच्या कुतूहलाने त्या हत्तीच्या मागोमाग चालू लागतात. परत आलेल्या इराला गाडी रिकामी दिसते. येथून चित्रपटाचे दोन प्रवाह होतात. एकीकडे वडिलांचा शोध आणि त्या शोधात उफाळून येणाऱ्या आठवणी. दुसरीकडे आपल्या मागे लागलेल्या या भद्र वृद्धाचे काय करावे हे न कळणारा माहूत, आणि त्याची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा (अमृता सुभाष). ती या अनोळखी म्हाताऱ्याचे लहान लेकरासारखे करते. आणि शास्त्रीबुवा तिला ‘आई’ मानतात.

शेवट येथे सांगत नाही. तो तुम्ही स्वतः पाहावा.

‘हरवणे’ हे क्रियापद

आता भाषेकडे वळू. या चित्रपटाची गोष्ट एका वाक्यात सांगायची तर आपण काय म्हणू? ‘वडील हरवले.’ कर्ता ‘वडील’, क्रियापद ‘हरवले’. वाक्य अकर्मक आहे. कोणी हरवले, याला या वाक्यात जागाच नाही. हेच क्रियापद मराठीत सकर्मकही चालते : ‘मी छत्री हरवली.’ परंतु छत्रीच्या जागी वडील ठेवून पाहा. ‘मी वडिलांना हरवले’ असे म्हणताच अर्थ पालटतो. आता तो पराभव होतो. म्हणजे ‘माझ्यामुळे माझे वडील दिसेनासे झाले’ एवढी साधी कबुली द्यायची तर ‘हरवणे’ हे क्रियापद इराच्या उपयोगी पडत नाही. एक तर त्यात ती कोठेच नसते, नाही तर ती वडिलांना जिंकलेली असते.

मराठीने मात्र अशा प्रसंगासाठी एक सोय करून ठेवली आहे. ‘मी कप फोडला’, ‘कप फुटला’ आणि ‘माझ्या हातून कप फुटला’ ही तीन वाक्ये शेजारी शेजारी मांडा. पहिल्यात कृती आहे आणि कर्ता ती आपल्या अंगावर घेतो. दुसऱ्यात केवळ घटना आहे. तिसरे वाक्य या दोहोंच्या मधले : मी ते केले नाही, पण ते माझ्याकडून झाले, हेतू नव्हता, तरी हात माझाच होता. व्याकरणाच्या पुस्तकांत ‘हातून’ या शब्दयोगी अव्ययाला एखाद-दुसरी ओळ मिळते. ज्यांनी घरात कोणाचे दीर्घकाळ केले आहे, त्यांचे अर्धे आयुष्य मात्र या अव्ययात गेलेले असते. ‘माझ्या हातून त्यांची एक गोळी राहिली.’ ‘माझ्या हातून दार उघडे राहिले.’ इरा संपूर्ण चित्रपटभर या ‘हातून’मध्ये उभी आहे. प्रत्यक्ष ते शब्द ती उच्चारते की नाही, हा मुद्दा नव्हे. तिचा चेहरा, तिचा त्रागा, इतरांवर निघणारा राग हे सारे त्या वाक्याचेच विस्तार आहेत.

‘हरवणे’ आणखी एका अर्थाने वापरले जाते. ‘तो आपल्याच विचारांत हरवला होता’ असे आपण म्हणतो, तेव्हा माणूस समोर बसलेला असतो. वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रसंग येथे आठवतो. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांच्या एका स्त्रीला दाखल करण्यात आले. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले. तिने ‘ऑगस्ट’ असे आपले नाव सांगितले. आडनाव विचारले, तरी तेच उत्तर. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हाही तिने बहुधा ‘ऑगस्ट’च असावे असे सांगितले. आपले नाव लिहिता लिहिता ती अडली आणि मी स्वतःलाच हरवून बसले आहे, अशा आशयाचे काही बोलली. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, अल्झायमर यांनी या रुग्णाविषयीचा निबंध ट्यूबिंगेन येथील सभेत वाचला. पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. आजाराला नाव मिळाले ते अशा प्रकारे, एका स्त्रीला आपले नाव लिहिता न आल्याच्या नोंदीतून.

ज्या वियोगाला शब्द नाही

मृत्यूसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. गेले, वारले, निवर्तले, देवाघरी गेले, कैलासवासी झाले. जात, गाव, पंथ आणि वय यांनुसार हा शब्दसंग्रह बदलतो आणि तो एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दिसेनासा झालेल्या माणसासाठी ‘बेपत्ता’ हा फारसी वळणाचा शब्द आहे. परंतु जो रोज सकाळी समोरच्या खुर्चीवर बसलेला आहे, चहा पितो आहे, आणि तरीही जो गेलेला आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे क्रियापद नाही. दहावा-तेरावा नाही, सुतक नाही, भेटायला येणारी माणसे नाहीत. उलट भेटायला आलेले म्हणतात, ‘तब्येत तर छान दिसते आहे की!’

अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना या अवस्थेला एक नाव दिले. मराठीत त्याला आपण ‘संदिग्ध वियोग’ म्हणू. त्यांच्या मांडणीनुसार याचे दोन प्रकार होतात. पहिल्यात माणूस देहाने नसतो, पण मनात मात्र असतो. बेपत्ता सैनिकाच्या घरचे त्याची वाट पाहत राहतात. दुसऱ्यात माणूस देहाने असतो, पण त्याचे मन आपल्या आवाक्यात राहत नाही. दोन्ही प्रकारांत दुःखाला तारीख नसते, त्यामुळे ते संपवताही येत नाही.

माझ्या मते ‘अस्तु’ची खरी कल्पकता येथे आहे. हे दोन्ही वियोग या चित्रपटाने एकाच दिवसात, एकाच माणसाच्या बाबतीत आणून ठेवले आहेत. दुसऱ्या प्रकारचा वियोग या कुटुंबात कधीचाच घडून गेलेला आहे आणि घर त्याच्याशी कसेबसे जुळवून घेते आहे. त्याबद्दल कोणाकडे तक्रार नोंदवता येत नाही. मग हत्ती येतो, आणि पहिल्या प्रकारचा वियोग घडतो. आता मात्र धावाधाव करता येते, फोन करता येतात, वर्णन सांगता येते. जो कधीचा हरवला आहे त्याला आता कोठे शोधता येऊ लागते! शोधणारे लोक नेमके कोणाला शोधत आहेत, हा प्रश्न चित्रपट उच्चारून विचारत नाही, पण प्रत्येक आठवणीबरोबर तो पुढे येत राहतो. इराला हवे असलेले वडील आणि रस्त्यावर कोठेतरी चालत असलेले वडील हे दोन वेगळे आहेत. ज्याची त्याची आठवण वेगळी, ज्याचे त्याचे शास्त्रीबुवाही वेगळे. आपल्याकडील अंधगजन्याय तुम्हांला ठाऊक आहे : कोणाच्या हाती सोंड, कोणाच्या हाती पाय. येथे सगळे डोळस आहेत, आणि हत्तीच्या मागे गेलेला माणूस त्यांना तुकड्यातुकड्यांनी सापडतो आहे.

नावांविषयी

आता थोडे नावांकडे पाहू. लेखिकेच्या मनात हे सारे होतेच असा माझा दावा नाही. नावे आपला इतिहास बरोबर घेऊन येतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

चक्रपाणी म्हणजे ज्याच्या हाती चक्र आहे तो, अर्थात विष्णू. विष्णू आणि हत्ती म्हटले की भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षाची कथा आठवते. मगरीने पाय धरलेला गजेंद्र आर्त हाक मारतो आणि चक्रपाणी धावत येतो. चित्रपटात दिशा उलटी आहे. संकटात हत्ती नाही, चक्रपाणी आहे; आणि हत्ती न बोलावता पुढे चालतो आहे. सोडवणूक कोणाची, हा प्रश्न मग साहजिकच उभा राहतो.

इरा हा शब्द अमरकोशात अनेकार्थी म्हणून येतो. भूमी आणि जल यांबरोबरच ‘वाणी’ हाही त्याचा एक अर्थ आहे. संस्कृतच्या पंडिताने मुलीचे नाव ठेवले ते वाणी! आणि आज ती वाणी आपल्या हरवलेल्या पंडिताला शहरभर शोधते आहे.

सर्वांत साधे नाव चन्नम्मा. कानडीत ‘चेन्न’ म्हणजे सुंदर, चांगले. ‘अम्म’ म्हणजे आई. स्त्रियांच्या नावांना आदराने जोडले जाणारे हे उत्तरपद, जसे आपल्याकडे ‘बाई’ किंवा ‘ताई’. कित्तूरच्या राणीमुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. शास्त्रीबुवा या स्त्रीला ‘आई’ म्हणतात तेव्हा आजाराने भ्रमिष्ट झालेला माणूस काहीतरी भलतेच बोलतो आहे, असे आपल्याला वाटते. वस्तुतः त्यांनी तिच्या नावाचा उत्तरार्ध मराठीत म्हटलेला असतो.

संबोधन : शेवटी उरणारी गोष्ट

स्मृतिभ्रंशात भाषा सरसकट जात नाही. आधी जातात ती विशेषनामे आणि नामे. ‘किल्ली’ हा शब्द सापडत नाही, म्हणून माणूस ‘ते उघडायचं’ असे म्हणतो. ‘ते’, ‘तसं’, ‘तिकडचं’ अशी सर्वनामे वाढत जातात. वाक्याची चौकट, म्हणजे कर्ता-कर्म-क्रियापदाचा मेळ, बराच काळ टिकते. लहानपणी पाठ केलेले कालच्या घटनेपेक्षा अधिक काळ राहते. आजच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या मागाहून, असे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी १८८१ सालीच नोंदवले होते. शास्त्रीबुवांसारख्या माणसाला दिवस-वार सांगता येत नाही आणि संस्कृत वचने मात्र ओठांवर येतात, यात म्हणूनच विसंगती नाही.

आणि याहूनही चिवट असतात त्या बोलण्याच्या रीती : कोणाशी कसे बोलावे, कोणाला काय म्हणावे. येथे मला एक व्यक्तिगत अनुभव सांगू द्या. एरवी अध्ययन-साहित्यात मी तो आणला नसता, पण हा मुद्दा मला पुस्तकातून कळलेला नाही.

माझे वडील अखेरची तीन वर्षे या आजारात होते. मी शनिवारी त्यांच्याकडे जात असे. एका शनिवारी मी दारातून आत गेले आणि ते खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले, ‘या, बसा. तुम्ही कुठल्या?’ आयुष्यभर त्यांनी मला ‘तू’ म्हटले होते. मी भाषाविज्ञान शिकवते; त्या क्षणीदेखील माझ्या मनाने वाक्याचे पृथक्करण केले, याची मला आजही थोडी लाज वाटते. ‘या, बसा’ : आदरार्थी बहुवचन, अचूक. ‘कुठल्या’ : स्त्रीलिंगी, अनेकवचनी, क्रियापदाविना पूर्ण झालेले प्रश्नवाक्य, अचूक. अनोळखी स्त्री घरी आल्यावर सभ्य गृहस्थाने जे बोलावे ते सारे त्यात होते. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. फक्त मी नव्हते.

पुढचे काही महिने मी त्यांना दुरुस्त करत राहिले. ‘अहो बाबा, मी तुमची मुलगी.’ ते ओशाळे होत, ‘हो हो’ म्हणत, आणि दहा मिनिटांनी पुन्हा आदराने विचारत, ‘चहा घेणार का तुम्ही?’ दुरुस्तीमुळे त्यांना काही मिळत नव्हते. आपण कोठेतरी चुकलो, एवढेच त्यांना कळत होते. कधीतरी मी ‘हो, घेईन’ असे म्हटले. कोणत्या दिवशी ते आता आठवत नाही. त्या दिवसापासून त्यांच्या घरी मी पाहुणी झाले. ते आतिथ्यशील होते, आणि त्या नात्यात आम्ही दोघे बऱ्यापैकी रमलो.

‘अस्तु’ पाहताना हे सारे मला नव्याने समजले. शास्त्रीबुवांनी ‘आई’ म्हटल्यावर चन्नम्मा त्यांना दुरुस्त करत बसत नाही. हाक आली आहे. तिला ‘ओ’ देते. भाषेचे एक काम माहिती देणे, हे आपण पहिल्या घटकात पाहिले. परंतु हाकेचे काम माहिती देणे हे नसते. हाक खरी किंवा खोटी नसते. तिला प्रतिसाद मिळतो किंवा मिळत नाही. ‘तू माझी आई आहेस’ हे विधान तपासून खोटे ठरवता येईल. ‘आई!’ ही हाक कोण आणि कशी खोटी ठरवणार?

मराठी कुटुंबात संबोधनांची उतरंड किती पक्की असते, ते तुम्ही जाणताच. अनेक घरांत आई ‘अगं, तू’ असते आणि वडील ‘अहो, तुम्ही’. वडिलांशी असलेले नाते या ‘अहो’च्या अंतरावरच उभे असते. अशा वडिलांना भरवण्याची, धुण्यापुसण्याची वेळ मुलीवर येते, तेव्हा हात एक भाषा बोलतात आणि तोंड दुसरी. चन्नम्माला ही अडचण नाही. तिच्या आणि या म्हाताऱ्याच्या मध्ये कोणताही जुना ‘अहो’ नाही, आणि सलग अशी एक सामायिक भाषाही नाही. तरीही दोघांचे चालते.

शीर्षकाचे व्याकरण

‘अस्तु’ हे संस्कृतातील ‘अस्’ (असणे) या धातूचे लोट् लकाराचे, म्हणजे आज्ञार्थाचे, प्रथमपुरुषी एकवचनी रूप. संस्कृत व्याकरणात ज्याला प्रथम पुरुष म्हणतात तो आपला तृतीय पुरुष, हे लक्षात ठेवा. परीक्षेत येथे हमखास चूक होते. आता, आज्ञा नेहमी समोरच्याला द्यायची असते : जा, ये, बस. तृतीय पुरुषातील आज्ञार्थ ही म्हणूनच चमत्कारिक गोष्ट आहे. ज्याने करायचे तो समोर नाही. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याने काही करायचे नाही. ती आज्ञा उरत नाही. ती इच्छा होते, प्रार्थना होते किंवा संमती होते. पसायदानातील क्रियापदांची रूपे या दृष्टीने एकदा पुन्हा वाचून पाहा.

या रूपाचा प्रत्यय मराठीत आजही जिवंत आहे. संस्कृत ‘-तु’, प्राकृतात ‘-उ’, आणि मराठीत ‘-ओ’ : असो, होवो, येवो, जावो. ‘अस्तु’ला समांतर असे आपले मराठी रूप म्हणजे ‘असो’. परंतु दोहोंचा वापर आता किती दूर गेला आहे! ‘असो’ म्हणून आपण विषय मिटवतो. ‘त्यांनी फार त्रास दिला. असो.’ तेथे दार लावल्याचा आवाज येतो. दुसरीकडे ‘तथास्तु’ आहे. तो देणाऱ्याचा शब्द; देव किंवा ऋषी वर देताना तो उच्चारतात, आणि मागणारा खाली उभा असतो.

चित्रपटाचे नाव ‘असो’ नाही आणि ‘तथास्तु’ही नाही. विषय मिटवायचा नाही, आणि देण्याजोगे हातात काही नाही, अशा मधल्या जागेवर उभे राहून ‘अस्तु’ म्हणायचे आहे. ‘असण्याला’ संमती द्यायची आहे; तो जसा होता त्याला नव्हे, जसा आहे त्याला. इराला अर्थ शोधायचा आहे तो येथे. वडिलांनी आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगितले. आता शब्दांनी त्यांची साथ सोडली आहे, आणि ‘माझे वडील’ या दोन शब्दांचा अर्थ तिला स्वतःलाच लावायचा आहे, कोशाच्या मदतीविना.

एक आक्षेप

हे सारे मान्य करूनही या चित्रपटाविषयी एक आक्षेप नोंदवला पाहिजे. शहरातील सुशिक्षित मुलगी थकलेली, चिडलेली, अपराधी. आणि गावाबाहेर राहणारी गरीब, निरक्षर स्त्री मात्र जन्मतःच वात्सल्यमूर्ती, अशी मांडणी आपल्या कथा-चित्रपटांत वारंवार येते. ती गरिबीला फार स्वस्तात पुण्यवान ठरवते. शिवाय हिशेब बरोबरीचा नाही. चन्नम्माच्या वाट्याला हा वृद्ध आला तो अल्पकाळ. इराच्या वाट्याला तो वर्षानुवर्षे आहे. एका दिवसाची करुणा आणि दररोजची सेवा यांची तुलना करून करुणेला जिंकवणे सोपे असते. चन्नम्माने विसाव्या वेळी तोच प्रश्न ऐकला असता तर तिनेही कपाळाला हात लावला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी गोष्ट. ‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि चित्रपटही कधी कधी त्या वाटेने जातो. पण लहान मूल आज चुकते ते उद्या शिकण्यासाठी. विसरणाऱ्या माणसाकडे तो उद्या नसतो. मुलाला आपण काही गमावत आहोत हे ठाऊक नसते. या आजाराच्या सुरुवातीच्या काळात माणसाला ते लख्ख ठाऊक असते. विद्वत्तेवर ज्याचा सारा सन्मान उभा आहे, त्याची ती लाज बालपणाच्या उपमेत कोठेच मावत नाही. मोहन आगाशे यांच्या अभिनयात मात्र ती आहे. शब्द सापडला नाही की त्यांच्या डोळ्यांत क्षणभर जे उमटते, तेथे थांबून पाहा. हा चित्रपट सोप्या उपमांपासून वाचतो तो अशा क्षणांमुळे.

माझा आक्षेप चित्रपटाला पूर्णपणे लागू पडतो का, याविषयी मी स्वतः निःशंक नाही. चन्नम्मा हे इरासमोर ठेवलेले उदाहरण आहे, असे पाहिले तर तो लागू पडतो. पण इराला ज्या वाक्याची गरज होती ते वाक्य तिच्या स्वतःच्या भाषेत नव्हते, ते तिला परक्या भाषेच्या अंगणात ऐकू आले, असे पाहिले तर लागू पडत नाही. तुमचे मत या दोहोंपेक्षा वेगळेही असू शकेल.

स्वयं-अध्ययन

चित्रपट शक्य असल्यास दोनदा पाहा. पहिल्यांदा काहीही टिपून घेऊ नका. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि केवळ संबोधने लिहा : कोण कोणाला काय म्हणते, ‘तू’ कोठे, ‘तुम्ही’ कोठे, आणि ते कोठे बदलते. त्या यादीच्या आधारे ‘अस्तुमधील नात्यांची भाषा’ या विषयावर चारशे शब्दांत टिपण लिहा. कथानक सांगण्यात शब्द खर्च करू नका. परीक्षकाने चित्रपट पाहिलेला असतो.

‘हातून’, ‘कडून’ आणि ‘मुळे’ यांचा वापर करून प्रत्येकी तीन वाक्ये लिहा आणि त्यांत जबाबदारीची छटा कशी बदलते ते स्पष्ट करा. वाक्ये पुस्तकातील नकोत, आपल्या घरातील, शेतातील किंवा कामाच्या ठिकाणची असावीत.

तुमच्या बोलीत मृत्यूसाठी, बेपत्ता होण्यासाठी आणि भान हरपण्यासाठी कोणकोणते शब्द आहेत, ते घरातील वयस्क माणसांना विचारून नोंदवा. प्रमाण मराठीत ज्या अवस्थेला क्रियापद नाही असे वर म्हटले आहे, तिच्यासाठी एखाद्या बोलीत शब्द सापडला तर तो अवश्य कळवा. संपर्कसत्रात आपण त्यावर बोलू. ज्यांच्या घरी सध्या असा रुग्ण आहे, त्यांनी हा तिसरा प्रश्न सोडला तरी चालेल. त्याऐवजी त्यांनी शीर्षकाच्या व्याकरणावर एक परिच्छेद लिहावा. गुण तेवढेच आहेत.